हलू नका हं!

रेडिओथेरपीच्या टेबलावर पेशंटला झोपवून खोलीबाहेर पडताना आम्ही टेक्नॉलॉजिस्ट मंडळी एकच वाक्य म्हणायचो, "हलू नका हं, आत्ता झालंच." मराठीत, हिंदीत, गुजरातीत, मोडक्यातोडक्या कानडीत. सगळा उपचार त्या वाक्याच्या भरवशावर चालायचा, असं म्हटलं की विभागातल्या आजच्या मुली हसतात. त्यांच्या डोक्यावर छताला तीन ठिकाणी कॅमेरे आहेत. पेशंट तीन मिलिमीटर सरकला की किरण आपोआप थांबतो. मी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी नोकरीला लागले तेव्हा पेशंट हलला का, हे कळायला आमच्याकडे एक काळा-पांढरा टीव्ही आणि आमचे डोळे, एवढंच होतं.

तेव्हाचा 'शेक', म्हणजे रेडिओथेरपी, घेणारा पेशंट कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाकडून ओळखू यायचा, तो रेघांवरून. डॉक्टरांनी फील्ड, म्हणजे किरण द्यायचा भाग, ठरवला की आम्ही काडीला कापूस गुंडाळून जेन्शियन व्हायोलेटने अंगावर रेघा काढायचो. मानेवर चौकोन, छातीवर चौकोन, मधोमध फुली, दोन्ही कुशींवर एकेक रेघ. भिंतींवरच्या लेझरचे लाल पट्टे रोज त्याच रेघांवर आणून बसवायचे. रेघ गेली की पत्ता गेला. म्हणून पाच-सहा आठवडे त्या भागाला पाणी लावायचं नाही, साबण नाही, पावडर नाही, तेल तर नाहीच.

हे सांगायला सोपं, पाळायला कर्मकठीण. मे महिन्यात बदलापूरहून लोकलने उभ्याने आलेल्या माणसाच्या अंगावरची रेघ काय राहणार? घामाने फुगून ती सेंटिमीटरभर रुंद व्हायची आणि मग फील्डची कड रेघेच्या आतून धरायची की बाहेरून, यावर आमची सकाळ जायची. दिवाळीत उपचार चालू असले तर अभ्यंगस्नान नाही, उटणं नाही. ओल्या फडक्याने हातपाय पुसून बायका औक्षणाला बसत. त्यांचे सगळे ब्लाउज आतून जांभळे. एक प्रकार तर फार व्हायचा. घरी रेघ पुसट झालेली दिसली की पेशंट किंवा त्याची सून ती बॉलपेनने गडद करून द्यायची. भाव चांगला, पण त्या नादात रेघ अर्धा सेंटिमीटर सरकलेली असायची. आल्या आल्या आमचा पहिला प्रश्न असे, "कुणी गिरवलं नाही ना?"

पुढे टिपके आले. शाईचा थेंब ठेवून त्यात सुई टोचायची. तीन-चार टिपक्यांत काम भागायचं आणि अंघोळीची मुभा मिळायची. कपाळावर, हनुवटीवर, हातभर गोंदवून घेतलेल्या आज्यांना त्याचं काही वाटत नसे. तरण्या पोरी मात्र विचारायच्या, "ताई, हे नंतर जाईल ना?" जात नाही. कॅन्सर बरा होऊन पंधरा वर्षं झाली तरी गळ्याच्या खाली तो निळा ठिपका आरशात रोज दिसतो. आम्हाला ते क्षुल्लक वाटायचं. ज्यांच्या अंगावर तो होता त्यांना तसं वाटत नव्हतं, हे कळायला वेळ लागला.

आमचं मशीन कोबाल्टचं. कोबाल्ट-60 वापरून उपचार करायला 1951 मध्ये कॅनडात सुरुवात झाली, आणि पुढे कित्येक दशकं आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांची भिस्त कॅनडाच्या 'थेराट्रॉन' यंत्रांवर होती. नंतर भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभाट्रॉन' हे देशी यंत्र बनवलं आणि ते पहिल्यांदा खारघरच्या 'अॅक्ट्रेक' या कॅन्सर केंद्रात बसलं, तेव्हा आम्हा जुन्या लोकांना माहेरचं माणूस मोठ्या हुद्द्यावर चढल्याचा आनंद झाला होता. कोबाल्टचं अर्धायुष्य 5.27 वर्षं. म्हणजे दर महिन्याला ताकद साधारण एक टक्क्याने कमी. महिन्याच्या पहिल्या तारखेला फिजिसिस्ट नवा तक्ता लावायचे आणि सगळ्यांच्या वेळा थोड्या वाढायच्या. नव्या सोर्सवर, म्हणजे यंत्रातल्या ताज्या कोबाल्टवर, दीड मिनिटात आटोपणारं फील्ड पाच वर्षांनी तीन मिनिटांवर जायचं. सोर्स म्हातारा होत जाई आणि पेशंटला तितका जास्त वेळ निश्चल पडून राहावं लागे. सोर्स बदलायला पैसे मंजूर होईपर्यंत हे असंच.

खोलीतलं टेबलही ऐकण्यासारखं. किरण खालून वर जाताना आडवी फळी नको म्हणून टेबलाच्या मधल्या चौकटीत नायलॉनच्या दोऱ्यांची जाळी विणलेली असायची. तिला 'रॅकेट'च म्हणत, कारण दिसायची तशीच. नवी ताणलेली असताना ठीक. वर्षभरात ती मधे झोळ धरायची आणि वजनदार माणूस झोपला की आणखी खाली जायचा. मग मशीनच्या डोक्यातून पडणारी प्रकाशाची मोजपट्टी बघायची. कातडीवर आकडे उमटत. फुलीवर 80 आला म्हणजे सोर्सपासून कातडी बरोबर 80 सेंटिमीटरवर. छातीचा पेशंट असला तर तो 80 श्वासाबरोबर पुढेमागे हलायचा. श्वास घेतला की कमी, सोडला की जास्त. आम्ही मधला आकडा धरायचो आणि बाहेर यायचो.

तो हलणारा आकडा आमच्यासमोर रोज होता. शरीर स्थिर नसतं हे त्यातून दिसतच होतं. त्याचं करायचं काय, हे मात्र हातात नव्हतं.

दार बंद केलं, बटण दाबलं की हवेच्या दाबाचा फुसकारा यायचा आणि सोर्स पुढे सरकायचा. मशीनच्या डोक्यातून लाल दांडी बाहेर येई, टीव्हीवर ती दिसली की सोर्स उघडा आहे असं समजायचं. वेळ संपला की दांडी आत. क्वचित ती आत जायचीच नाही. त्यासाठी खोलीत एक टी-बार लटकवलेला असे. पेशंटला आधी बाहेर काढायचं आणि गरज पडली तर त्या बारने सोर्स आत ढकलायचा. दर काही महिन्यांनी आमच्याकडून त्याची कवायत करून घेत. पण लक्ष लागलेलं असे ते टीव्हीवर. खोकल्याची उबळ, माशी, खाज, लहान मुलाचं रडू. माणूस ढळढळीत हलला तर आम्ही सोर्स बंद करून आत पळायचो. तो चार मिलिमीटर घसरला तर? ते त्या धुरकट पडद्यावर दिसणं शक्यच नव्हतं.

तपासणी होती, पण कशी? आठवड्यातून एकदा पोर्ट फिल्म. पेशंटखाली फिल्मची कॅसेट ठेवून थोडा वेळ किरण द्यायचा, मग डार्करूममध्ये ती धुवायची. कोबाल्टच्या किरणांची फिल्म आधीच फिकट, हाडं ओळखता आली तरी नशीब. ती सुकून डॉक्टरांच्या व्ह्यू-बॉक्सवर लागेपर्यंत पेशंट कल्याण लोकलमध्ये बसलेला असायचा. फील्ड खाली गेलंय असं त्यांनी सांगितलं तर उद्यापासून सुधारणा. आजचा दिवस गेला तो गेला.

म्हणून तेव्हाची फील्डं सढळ असत. गाठीभोवती दोन-दोन सेंटिमीटर मोकळं सोडलं की पेशंट थोडा सरकला तरी गाठ निसटत नाही. हा हिशोब चुकीचा नव्हता, पण त्याची किंमत बाजूच्या निरोगी भागाने मोजली. घशाच्या पेशंटच्या लाळग्रंथी गेल्या, जन्मभर पाण्याची बाटली सोबत आली. डाव्या स्तनाच्या फील्डमध्ये फुप्फुसाची कड यायची आणि मागे हृदयाचाही तुकडा. जुने दिवस म्हटले की माझ्या पिढीचे लोक हळवे होतात, मीही होते. पण हे लक्षात ठेवून हळवं व्हावं.

डोक्या-मानेच्या पेशंटचं हलणं बंद करायला मास्क होता. अगदी आधी प्लास्टरचा साचा घेऊन त्यावरून प्लास्टिकचं कवच बनवत. मोल्ड रूममधल्या माणसाचे दोन दिवस एका चेहऱ्यात जात. मग थर्मोप्लास्टिक आलं. साधारण 70 अंशांच्या पाण्यात ती पांढरी शीट वाफेवर धरलेल्या पापडासारखी मऊ पडे. ती चेहऱ्यावर ओढून कडा टेबलाला अडकवायच्या, दहा मिनिटांत चेहऱ्याचा ठसा घट्ट. मिलिमीटरच्या भाषेत तो मोठा पल्ला होता. माणसाच्या भाषेत, डोळ्यांवर-तोंडावर जाळी घट्ट आवळून, टेबलाला जखडून, एकट्याला खोलीत सोडणं होतं. बाहेर आला की गालावर जाळीचे ठसे. धीट माणसं निभावून नेत. कोंडल्याची भीती असलेल्यांना घाम फुटे. काहींना आधी गोळी द्यावी लागे आणि लहान मुलांना रोज भूल.

कॅमेरे आले ते एकदम नाही. आधी पोटावर ठेवायची एक छोटी प्लास्टिकची डबी आली. तिच्यावर चकाकणारे ठिपके, समोर इन्फ्रारेड कॅमेरा; डबी श्वासाबरोबर वरखाली व्हायची आणि पडद्यावर लाट उमटायची. श्वास पहिल्यांदा रेषेत दिसला तो तेव्हा. पण डबी म्हणजे एकच जागा. खांदा कुठे गेला, हनुवटी किती वर आहे, हे तिला कुठून कळणार? अख्खी कातडी बघणारं तंत्र लंडनच्या 'व्हिजन आरटी'ने आणि स्वीडनमधल्या उपसालाच्या 'सी-रॅड'ने या शतकाच्या सुरुवातीच्या काळात उभं केलं. आपल्याकडच्या मोठ्या केंद्रांत ते यायला आणखी बरीच वर्षं लागली. माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत ते माझ्या वाट्याला आलं.

त्याचं काम कसं चालतं, ते सांगते. छताला तीन ठिकाणी पेट्या. प्रत्येक पेटीत एक प्रोजेक्टर आणि कॅमेऱ्यांची जोडी. प्रोजेक्टर पेशंटच्या अंगावर प्रकाशाच्या बारीक बुंदक्यांची नक्षी टाकतो. प्रकाश साधा असतो, क्ष-किरण नाही, त्यामुळे तो कितीही वेळ चालू ठेवला तरी अपाय नाही. एकच बुंदकी दोन कॅमेऱ्यांना किंचित वेगळ्या कोनातून दिसते. त्या फरकावरून ती किती अंतरावर आहे हे संगणक काढतो. अशा हजारो बिंदूंतून छातीचा किंवा चेहऱ्याचा उंचसखल पृष्ठभाग उभा राहतो, आणि तो सेकंदाला अनेकदा नव्याने काढला जातो. उपचाराचं नियोजन करताना काढलेल्या सीटी स्कॅनमधली कातडीची बाह्यरेषा त्याच्या जोडीला असतेच. आमच्या पडद्यावर सीटीवाली आकृती गुलाबी, आत्ताची हिरवी. दोन्ही एकमेकींवर बसवायच्या. बाजूला सहा आकडे: वर-खाली, डोक्याकडे-पायाकडे, डावी-उजवीकडे, आणि तीन प्रकारची वळणं. ठरवलेल्या मर्यादेत सहाही असले की किरण सुरू. एकही बाहेर गेला की किरण आपोआप थांबतो, परत आत आला की पुन्हा सुरू. मेंदूतल्या बारीक गाठीसाठी मर्यादा मिलिमीटरभर, छातीसाठी तीन ते पाच.

मला त्यात सगळ्यात जास्त काय शिकवून गेलं असेल तर ते पेशंटचं सैलावणं. टेबलावर झोपल्या झोपल्या माणूस ताठ असतो. खांदे आखडलेले, कंबर किंचित उचललेली, हे त्याला स्वतःलाही माहीत नसतं. आम्ही रेघा जुळवायचो त्या या ताठ शरीरावर. बाहेर आलो, दार लागलं, दिवे मंद झाले की दोन-तीन मिनिटांत अंग सैल पडतं आणि हळूहळू खाली बसतं. वर-खालीचा आकडा शून्यावरून एक, मग दोन, मग तीन. कुणी हललेलं नसतं. खोकला नाही, खाज नाही. टीव्हीवर बघाल तर माणूस पुतळा. "अगदी शहाण्यासारखे पडून होते," असं ज्यांच्याविषयी आम्ही वर्षानुवर्षं कौतुकाने सांगितलं, तेही असेच घसरत होते. आता मुली पेशंटला झोपवून मुद्दाम दोन मिनिटं गप्पा मारतात, अंग सैल पडू देतात आणि मग जुळवतात.

आणि डावा स्तन. 2013 मध्ये सारा डार्बी आणि सहकाऱ्यांनी स्वीडन-डेन्मार्कमधल्या, स्तनाच्या कॅन्सरसाठी किरण घेतलेल्या दोन हजारांवर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयाला मिळालेली सरासरी मात्रा एक ग्रेने वाढली की हृदयविकाराचा धोका 7.4 टक्क्यांनी वाढतो, आणि हा धोका पहिल्या पाच वर्षांतच सुरू होतो, असं त्यातून दिसलं. त्यावरचा उपाय दिसायला सोपा: खोल श्वास घेऊन रोखायचा. फुप्फुसं फुगतात, हृदय छातीच्या भिंतीपासून मागे-खाली जातं आणि किरण तेवढ्या वेळातच द्यायचा. वीसेक सेकंद, मग सोडा, मग पुन्हा. पण श्वास रोज तेवढाच घेतलाय हे मोजायचं कशाने? कॅमेऱ्याने. आमच्या काळी श्वासाबरोबर पुढेमागे होणारा तो 80 चा आकडा शेवटी असा कामी लागला.

इथे मात्र यंत्राइतकंच माणसाचं काम असतं. शंभरातल्या बऱ्याच बायका "मोठा श्वास घ्या" म्हटलं की पोट फुगवतात. काही जणी पाठीची कमान करतात. छाती वर येते, आकडा वाढतो, श्वास मात्र घेतलेलाच नसतो. कॅमेऱ्याला छाती वर आलेली दिसते. ती कशाने आली हे बघायला पेशंटच्या पाठीखाली हात घालून बघावं लागतं, किंवा वळणाच्या आकड्यावर शहाण्या मुलीची नजर लागते. प्राणायाम करणाऱ्या बायका पटकन शिकतात, पण कधीकधी अति शिकतात आणि ठरल्यापेक्षा जास्त श्वास भरतात. "काकू, एवढा नको, कालच्याएवढाच," हे मी माईकवरून किती वेळा म्हटलं असेल! एक सत्तरीच्या आजी होत्या, तंबाखू लावणाऱ्या, फुप्फुस बेताचं. त्यांना दहा सेकंदांचे चार तुकडे जमायचे. चार तर चार. किरण चार वेळा सुरू, चार वेळा बंद. कोबाल्टवर हे स्वप्नातही आलं नसतं.

मास्कचंही रूप बदललं. बऱ्याच ठिकाणी आता डोळे-नाक-गाल मोकळे सोडणारा मास्क असतो. उघड्या चेहऱ्यावरची हालचाल कॅमेरा बघतो. टिपकेही काही केंद्रांनी सोडून दिलेत, कातडीच खूण झाल्यावर वेगळी खूण कशाला? गळ्याखालच्या निळ्या ठिपक्याविना घरी जाणाऱ्या मुली बघितल्या की बरं वाटतं.

तक्रारीही आहेत, आणि त्या दाबून ठेवण्यात अर्थ नाही. कॅमेऱ्याला कातडी दिसते; प्रोस्टेट, गर्भाशय, आतडी दिसत नाहीत. मूत्राशय काल भरलेलं आणि आज रिकामं असलं तरी पोटाची कातडी साधारण तशीच. तिथे टेबलावरचं सीटीच लागतं. मशीनचा हात फिरताना एखाद्या कॅमेऱ्याच्या आड येतो आणि आकडे क्षणभर उड्या मारतात. कातडी सावळी असेल तर प्रकाश कमी परत येतो, सेटिंग बदलावं लागतं. परदेशात जुळवलेलं यंत्र आपल्याकडे आल्यावर हे आधी लक्षात घ्यायला लागतं. कॅमेरे सकाळी तापेपर्यंत थोडे सरकतात, म्हणून रोज पहिल्या पेशंटआधी ठोकळा ठेवून तपासणी. आणि छाती उघडीच ठेवावी लागते, पदर घेता येत नाही. बायकांचा पहिला प्रश्न "फोटो काढतात का?" असाच असतो. तो लाजत विचारला जातो, म्हणून त्याचं उत्तर त्यांनी विचारायच्या आत, पडदा दाखवून द्यावं, असं मी प्रत्येक नव्या मुलीला सांगत आले.

माझी खरी खंत दुसरी आहे. सहाही आकडे हिरवे आहेत म्हणून दार लावून निघायची घाई नव्या पिढीत दिसते. कॅमेरा ज्या भागावर रोखलाय तेवढाच भाग तो मोजतो. छाती बरोबर आणि हात डोक्यावर नीट टेकलेला नाही, हनुवटी भलतीकडे, असं होऊ शकतं. कॉलरबोनवरच्या गाठींना किरण द्यायचा असेल तर ती हनुवटी महत्त्वाची. आमच्या पिढीला पेशंटचं अंग हाताला पाठ असायचं. कुणाचा खांदा दुखरा, कुणाच्या कमरेखाली घडी लागते, कुणाला उशी उलटी हवी. ते ज्ञान कुठल्याही वहीत नव्हतं आणि यंत्रातही उतरलेलं नाही. दोन्ही एकत्र असावं. तरी एकच निवडायचं म्हटलं तर मी कॅमेराच निवडीन, हेही लिहून ठेवते.

कारण हिशोबच बदललाय. तेव्हा स्तनाच्या पेशंटला 50 ग्रे 25 दिवसांत, म्हणजे पाच आठवडे यावं लागे. एखाद्या दिवशी थोडं सरकलं तरी पंचविसात ते विरून जाई. मग पंधरा दिवसांचा उपचार रूढ झाला. 2020 मध्ये ब्रिटनमधल्या 'फास्ट-फॉरवर्ड' चाचणीने 26 ग्रे पाच दिवसांत देणंही योग्य पेशंटमध्ये तितकंच परिणामकारक असल्याचं दाखवलं. पाचच दिवस असतील तर एक दिवस चुकला म्हणजे पाचवा हिस्सा चुकला. सोलापूर-नांदेडहून मुंबईला येऊन धर्मशाळेत राहणाऱ्या कुटुंबाचा महिनाभराचा खर्च वाचतो, पण तो वाचतो नेमकेपणाच्या जोरावर.

हे कॅमेरे सगळीकडे नाहीत. महाराष्ट्रातही अजून कोबाल्टवर उपचार होतात, चांगले होतात, आणि तिथे रेघा, लेझर आणि टेक्नॉलॉजिस्टची नजर यांवरच काम चालतं. तुमच्या घरातलं कुणी रेडिओथेरपीला जाणार असेल तर मशीन नवं की जुनं याची फार चिंता करू नका. दोन गोष्टी मात्र करा. अंगावरची खूण पुसट झाली तर घरी गिरवू नका, आहे तशी दाखवा. आणि उपचार चालू असताना वजन उतरलं, मास्क ढिला किंवा घट्ट वाटू लागला, छाती सुजली, हात वर करताना दुखू लागलं, तर टेबलावर झोपण्याआधी सांगा. नवीन सीटी काढून प्लॅन बदलता येतो. दोन-तीन दिवस जातात, पण ते द्यावेत.